पहिलाच ऑपेरा बघितला, पण बघायचं कुठे? स्टेजकडे की पट्टीकडे?

जर्सीची_जाई:
गेल्या पंधरा दिवसांत दोन गोष्टी बघितल्या आणि दोन्ही डोक्यात एकमेकींत गुंतून बसल्यात. आधी घरी सोफ्यावर 'मारिया', पाब्लो लारेनचा २०२४चा, ऑपेरा गायिका मारिया कॅलसचे पॅरिसमधले शेवटचे दिवस, साल १९७७. अँजेलिना जोली दिसलीय भारी, पण मला लक्षात राहिला तिचा बटलर, बाई त्या बिचाऱ्याला सारखा पियानो इकडून तिकडे हलवायला लावते आणि तो हलवतो. नवऱ्याने अर्ध्यातच मोबाईल काढला, 'स्लो आहे' म्हणे.

मग त्याच भरात न्यूयॉर्कला मेटचं (मेट्रोपॉलिटन ऑपेराचं) तिकीट काढलं, फॅमिली सर्कल म्हणजे अगदी माळ्यावरचं, पुच्चिनीचा 'ला बोएम'. दुसऱ्या अंकाला पडदा उघडतो तर स्टेजवर अख्खी पॅरिसची गल्ली, दोन मजली गर्दी, पोरं, फेरीवाले, लोकांनी नुसत्या सेटला टाळ्या वाजवल्या. पण माझी पंचाईत अशी की प्रत्येक सीटच्या समोर छोटी पट्टी असते, त्यावर इंग्लिश भाषांतर येतं, आणि मी येडी तेच वाचत बसले. पहिल्या अंकात नायिका मिमीची किल्ली हरवते, ती आणि नायक रोदोल्फो अंधारात जमिनीवर चाचपडतात, तो तिचा हात धरतो, हे सगळं मी वाचलं, बघितलं नाही!! तिसऱ्या अंकात बर्फ पडत होता आणि मला डुलकी लागली, खोटं कशाला बोलू. आणि चौथ्यात मिमी गेलीय हे खोलीतल्या बाकी सगळ्यांना कळलंय, फक्त रोदोल्फोला नाही, तो एकेकाचे चेहरे बघत सुटतो... तिथे पट्टी कुठे होती तेही आठवत नाही, नुसती रडत होते, शेजारच्या आजींनी टिश्यू दिला.

तर अनुभवी लोकहो, तुम्ही पट्टी बंद करून बसता का? पुढचा कुठला बघू? आणि अजून एक, 'मारिया'त गाण्यांमध्ये बराचसा आवाज कॅलसचाच आहे, जोलीचा त्यात मिसळलाय. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली ही चक्क फसवणूक. मला तर काहीच खटकलं नाही, माझंच काही चुकतंय का?

तिसरी_घंटा:
जाईताई, पट्टीला दोष देऊ नका, गोष्ट न वाचता गेलात तिथे घोळ झाला. आपल्याकडे 'सौभद्र' १८८२ पासून चालू आहे, सुभद्रेचं लग्न शेवटी अर्जुनाशीच लागणार हे बघायला येणाऱ्या कुणाला माहीत नव्हतं? गोष्ट घरूनच पाठ असायची, थेटरात जायचं ते आज कोण कसं गातोय ते ऐकायला. सिनेमामुळे आपल्याला 'पुढे काय' ची खोड लागलीय, ती घेऊन ऑपेराला गेलं की डोळे पट्टीला चिकटणारच. चौथ्या अंकात तुम्ही वाचायचं का थांबलात? कारण मिमी जगत नाही हे तिच्या खोकल्यावरून तुम्हाला आधीच कळलं होतं.

जाता जाता, वन्समोअरची हौस आपली मोठी, एकेक पद तीनतीनदा आणि नाटक पहाटेपर्यंत. मेटमध्ये मात्र वन्समोअर म्हणजे दुर्मिळ प्रकार, २००८ मध्ये गायक हुआन दिएगो फ्लोरेसने नऊ हाय सी (खूप वरचा, अवघड सूर) असलेलं गाणं परत गायलं तर १९९४ नंतर पहिल्यांदाच झालं म्हणून बातम्या आल्या.

मध्यलय:
फसवणुकीचं काय घेऊन बसलात, आपण प्लेबॅकवर वाढलेली माणसं! 'कट्यार काळजात घुसली' सिनेमात (२०१५) खाँसाहेब सचिन पिळगावकर, गळा राहुल देशपांडेचा, कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले का? १९६७ च्या नाटकात वसंतराव स्वतःच खाँसाहेब होते आणि स्वतःच गात होते, तो मामलाच वेगळा, पण म्हणून सिनेमा खोटा होत नाही.

माझी 'मारिया'वरची तक्रार दुसरीच आहे. गाणं जरा रंगात आलं की सीन बदलतो. बाईने आयुष्यभर जे केलं तेच आपल्याला पुरतं ऐकू देत नाहीत, आणि मँड्रॅक्स नावाचा तो काल्पनिक पत्रकार मात्र निवांत प्रश्न विचारत बसतो. शेवटचं गाणं तेवढं पोचलं.

चर्नीरोड_स्लो:
मुंबईतल्या आमच्यासारख्यांना एनसीपीएच्या थेटरात मेटचे शो पडद्यावर बघायला मिळतात. तिथे उलटा त्रास. कॅमेरा इतका जवळ जातो की गाणाऱ्याची जीभ, घाम, सगळं दिसतं, आणि क्षयाने मरणारी मिमी चांगली खाऊनपिऊन सुखी दिसते. माळ्यावरून हे दिसत नाही ते बरंच म्हणायचं. पण मध्यंतरात कॅमेरा विंगेत जातो, गायकांशी गप्पा, मागे कामगार सेट हलवतायत, ते मला कधीकधी ऑपेरापेक्षा जास्त आवडतं :)

तुम्ही टाळ्या ऐकल्यात तो सेट दिग्दर्शक झेफिरेलीचा असणार, १९८१ पासून मेटमध्ये चालू आहे. त्याच झेफिरेलीने १९८२ मध्ये 'ला त्राव्हियाता' या ऑपेराचा सिनेमा केला, तो बघाच, तिथे सबटायटल आणि चेहरा एकाच पडद्यावर, मानेला व्यायाम नाही. आणि स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचं 'मॅजिक फ्लूट' (१९७५). जर्मन ऑपेरा स्वीडिशमध्ये गायलाय आणि सुरुवातीचं संगीत चालू असताना तो स्टेज दाखवतच नाही, प्रेक्षकांचे चेहरे दाखवतो, एक लहान मुलगी तर परत परत येते. मी ती पहिली काही मिनिटं किती वेळा बघितली असतील त्याला हिशोब नाही.

उभा_प्रेक्षक:
व्हिएन्नाला स्टाट्सऑपर या ऑपेरा थेटरात उभ्याने बघितलंय, रेलिंगला रुमाल बांधला की जागा आपली, थेट एसटीची सीट! उभं राहून डुलकी लागत नाही एवढं सांगतो. पट्टी तिथेही होती, मी बंदच ठेवली आणि दुसऱ्या अंकापासून कोण कुणाचा भाऊ काही कळेना. त्यामुळे तिसरी_घंटांशी सहमत, वाचूनच जा.
पुढचा 'तोस्का' बघा. 'मारिया'च्या शेवटी जे गाणं आहे ना, ते त्यातलंच, दुसऱ्या अंकातलं.

जर्सीची_जाई:
अय्या, ते तोस्कातलं होय! मग ठरलं, काढते तिकीट. रात्री गोष्ट वाचायला बसले होते तर नवरा मागून ओरडला, शेवट वाचू नको मजा जाईल. म्हटलं वाचून झाला, उडी मारते तोस्का किल्ल्यावरून, आता तू पण चल.