स्प्लेंडरच्या ड्रेन बोल्टचे आटे गेलेत, बोल्ट नुसता गोल फिरतोय, चेंबर बदलावंच लागेल का?

धायरी_ते_भोसरी
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. २०११ ची स्प्लेंडर आहे, वडिलांनी घेतलेली, आता मी तिच्यावरच रोज धायरीवरून भोसरीला कामाला जातो, जाऊन येऊन ५०-५५ किलोमीटर होतात. दोन आठवड्यांपूर्वी घराजवळच्या एका गॅरेजात ऑइल बदललं, तिथल्या पोराने ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल काढायचा इंजिनाखालचा बोल्ट, आवळताना पान्याला लोखंडी पाइप लावला आणि दोन्ही हातांनी ओढला. मी समोर उभा होतो, तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा डाग, आता ताटलीएवढा झालाय. काल १७ चा पाना लावून जरा आवळायला गेलो तर बोल्ट आधी थोडा घट्ट लागला आणि मग एकदम हाताला लोण्यासारखा मऊ, तेव्हापासून नुसता फिरतोय, ना आवळतोय ना बाहेर येतोय. गॅरेजवाला म्हणतो चेंबर (इंजिनाचं खालचं कवच) बदलावं लागेल म्हणजे सगळं इंजिन खोला, शेजारचे काका म्हणतात एम-सील लाव. वडिलांनी आजपर्यंत हे इंजिन एकदाही खोलू दिलेलं नाही, त्यांना सांगायचीच हिंमत होत नाहीये. दुसरा काही मार्ग आहे का? आणि तोपर्यंत चालवू का?

कात्रज_बायकर
भाऊ पहिलं म्हणजे गाडी चालवू नकोस, अजिबात. त्या इंजिनात ऑइल असतंच एक लिटरच्या आत, चालत्या गाडीत बोल्ट पडला तर नवले पुलावरून उतरेपर्यंत सगळं रस्त्यावर, आणि ते मागच्या चाकाखाली आलं तर गाडीपेक्षा तुझी काळजी.
बोल्ट काढायची युक्ती सांगतो. खाली टब ठेव, बोल्टच्या डोक्यामागे पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून खालच्या बाजूला हलका दाब दे आणि त्याच वेळी पाना उलटा फिरव, उरलेल्या आट्यांना पकड मिळते आणि बोल्ट येतो. फक्त वायसर जिथे बसतो त्या जागेवर ओरखडा पडू देऊ नकोस, नाहीतर नंतर काहीही केलं तरी ठिबकत राहील. आला की फोटो टाक, आटे बोल्टचे गेलेत का चेंबरचे ते बघू. नुसते बोल्टचे असतील तर नाना पेठेत नवीन बोल्ट मिळतो, विषय संपला.

धायरी_ते_भोसरी
दादा निघाला बोल्ट! पण बोल्टच्या आट्यांमध्ये चंदेरी तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं आहे, पेनातली स्प्रिंग असते ना तसं. टाचणीने ओढलं तर लांबच्या लांब निघून आलं.

कात्रज_बायकर
मग ते चेंबरचेच आटे आहेत रे, बोल्टबरोबर सोलून आले.

सिंहगड_रोडवाला
माझ्या गाडीचं असंच झालेलं, दुकानातून ओव्हरसाइज बोल्ट आणला, जो स्वतःच आटे पाडत आत जातो तो, बसवला, दीड वर्ष झालं. कशाला एवढी खटपट, तोच टाक.

लेथवर_३०_वर्षं
सिंहगड रोडवाले दादा, तुमचं चाललंय ते चांगलंच आहे, पण मी या पोराला तो बोल्ट सुचवणार नाही, कारण सांगतो. तो बोल्ट ॲल्युमिनियम कापत आत जातो आणि कापलेला कीस इंजिनातच राहतो. लोकांना वाटतं चुंबक फिरवला की कीस निघेल, पण ॲल्युमिनियम चुंबकाला लागतच नाही. आणि तो बोल्ट हाताने घातलेला, जरा जरी तिरका शिरला तर डोकं एका बाजूने टेकतं आणि वायसर दुसऱ्या बाजूने उघडा राहतो. प्रत्येक ऑइल चेंजला परत तेच.

बाळा, चेंबर बदलायची गरज नाही, इंजिनही खोलायचं नाही. बोल्ट स्टीलचा, चेंबर ॲल्युमिनियमचं, जोर जास्त झाला की मऊ धातूचे आटे जातात, हे रोजचं आहे. तुझा बोल्ट एम १२, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५. तीन रस्ते आहेत. एक, १२.५ चा ड्रिल मारून एम १४ बाय १.५ चे आटे पाडायचे आणि त्या मापाचा बोल्ट लावायचा, मारुतीच्या गाड्यांना हेच माप असतं म्हणून बोल्ट कुठेही मिळतो. पण आटे पुन्हा ॲल्युमिनियममध्येच, आणि भोकाभोवतीची भिंत तेवढी पातळ झाली, पुढच्या वेळी कुणी पाइप लावला तर तडाच जाईल. दुसरा, बुश, म्हणजे भोक अजून मोठं करून बाहेरून आतून आटे असलेली स्टीलची बुश बसवायची. मजबूत काम, पण त्याला भोकाभोवती जागा भरपूर पाहिजे. तिसरा हेलिकॉइल, स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग असते, ती बसवली की आतलं माप परत एम १२ होतं, तुझा मूळ बोल्टच लागतो. तुझ्या गाडीला मी हेच करीन. वेल्डिंग कुणी सुचवलं तर नको म्हण, तेल मुरलेल्या ओतीव ॲल्युमिनियमवर वेल्ड फसफसतं आणि भोकं राहतात.

करताना मात्र घाई नको. आटे आधीच गेलेत म्हणून ड्रिलला कापायला फार थोडं उरतं, तो सहज जातो आणि तिथेच लोक बेसावध होतात. टॅप, म्हणजे स्प्रिंगसाठी नवे आटे पाडायचं हत्यार, हातानेच मारायचा, सुरुवातीला गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून दोन बाजूंनी सरळ बघायचा. टॅपच्या खाचा ग्रीसने गच्च भरायच्या म्हणजे कीस त्यातच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचा, परत ग्रीस. हाताला टॅप चालताना एकसारखा रवाळ लागला पाहिजे, मध्येच घट्ट वाटला की थांबायचं, जोर करायचा नाही. स्प्रिंग पृष्ठभागापासून पाव ते अर्धा आटा आत ठेवायची, नाहीतर वायसर तिच्यावर टेकतो आणि गळतं. तिच्या टोकाची आडवी तार लांब नोकाच्या पकडीने धरून तोडायची आणि हातात घेऊन बघायची, आत राहता कामा नये. मग वरून अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओतून उघड्या भोकातून तसंच वाहू द्यायचं, इंजिन चालू न करता, खाली पांढरं फडकं धरून. फडक्यावर चकाकी दिसायची थांबली की बोल्ट लाव.

वारजे_मेकॅनिकल
काकांनी सगळंच सांगितलं, फक्त टेफ्लॉन टेपबद्दल लिहितो कारण कुणीतरी सुचवणारच. ड्रेन बोल्टला टेप लावू नका, तिचा तुकडा सुटून आत गेला तर ऑइल गाळायच्या जाळीत अडकतो. एम-सीलही नको, तेलकट जागेवर ते धरतच नाही. सील करायचं काम वायसरचं आहे, आट्यांचं नाही.
आणि जोराचं गणित, कारण हा सगळा घोळ तिथूनच झालाय. या बोल्टला २० ते ३० न्यूटन मीटर पुरे. २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला साडेबारा किलोचा जोर दिला की २५ होतात. मीटरभर पाइप लावून तेवढाच जोर दिला तर १२५. त्या पोराला कळलंही नसेल त्याने किती आवळलं.

धायरी_ते_भोसरी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काम झालं. किट विकत घेणार होतो पण एकाच भोकासाठी महाग पडत होतं, मग ऑफिसजवळ भोसरीत एका लेथवाल्याकडे हेलिकॉइलचं किट होतं, टेम्पोत घालून गाडी तिथे नेली. काकांचा मेसेज त्यांना वाचूनच दाखवला, ते म्हणाले ज्यांनी लिहिलंय त्यांचे हात काळे झालेले आहेत. गुण्या त्यांच्या खिशातच होता. पाऊण तास लागला, मजुरी ६०० रुपये. ऑइल ओतल्यावर पहिल्या फडक्यावर बारीक चकचकीत कण दिसले, दुसऱ्यावर दोन-चार, तिसरं स्वच्छ. नवीन ॲल्युमिनियमचा वायसर लावून बोल्ट मी स्वतः आवळला, पाना डोक्याजवळ धरून.
घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, खाली गेले आणि गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून आले. आज सहावा दिवस, रोज सकाळी तेच वाकून बघतात. पुठ्ठा कोरडा आहे.

लेथवर_३०_वर्षं
छान झालं. हे ऑइल पूर्ण मुदत चालवू नकोस, दोन-तीनशे किलोमीटरला बदलून टाक, राहिलेला एखादा कण निघून जाईल. वायसर दर वेळी नवीन घाल. आणि बोल्ट उघडशील तेव्हा इंजिन कोमट असू दे, कडक तापलेलं नको, ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. वडिलांना नमस्कार सांग.