थडी आणि काठ: एकच का?

गावच्या वाचनालयात लावायला जुना एक इंची नकाशा मिळालाय, म्हणजे एक इंचाला एक मैल, १:६३,३६०. त्याच्या खुणांची मराठी सूची करतेय. गोदावरीच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीला मी 'काठ' लिहिलं. सासरे म्हणाले, "काठ नव्हे, थडी म्हण." दोन्ही एकच ना?

— ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. काठ ही रेघ. पाणी संपतं आणि जमीन सुरू होते तिथली. थडीला तोही अर्थ आहे, 'नदी दुथडी भरून वाहते' म्हणतो तेव्हा तोच. पण थडी म्हणजे नदीच्या आधारानं जगणारा सगळा पट्टाही. निफाडकडची काळी जमीन ती गंगथडी. पुणे जिल्ह्यात तर भीमथडी नावाचा तालुकाच होता. 'भीमाकाठ तालुका' म्हणून पाहा, कानाला लगेच खटकतं.

आणि 'गंगथडी'तली गंगा म्हणजे आपली गोदावरीच. नाशकात आजही 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतात. नकाशावर मात्र फक्त गोदावरी छापलेलं असतं, त्यामुळे नकाशा वाचून गंगथडी हा शब्द कुणाला सापडायचा नाही. म्हणूनच तो सूचीत यायला हवा, असं मला फार वाटतं.

— आणखी एक. पात्रातल्या वाळूचे ठिपके दिसतील, त्यांना 'वाळवंट' लिहा. आता वाळवंट म्हटलं की मुलांना राजस्थान आठवतं, पण पंढरीला जाणारा वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटातच उभा राहतो. पूर ओसरल्यावर गाळ बसून तयार होते ती मळई, तिची गल्लत वाळवंटाशी करू नका. मळईत पीक येतं.

— नकाशा नाशिक शहराजवळचा असेल तर शेजारचा तावही मिळवा. २० अंश उत्तर अक्षांश शहरातूनच जातो आणि तिथेच ताव बदलतो: वरचा ४६ एच/१६, खालचा ४७ ई/१३. एकच ताव लावलात तर थडी अर्धीच दिसेल.

— दादा, आमच्याकडे वरचाच आहे! खालचा शोधते. सूचीत 'थडी' केलं, आणि शेजारी कंसात 'गंगथडी'ही लिहिलं. सासऱ्यांनी मळईची जागा बोटानं दाखवली, ती नकाशात कुठंच नाही. पेन्सिलीनं काढून ठेवलीये.