हरिभाऊ आपटे काय वाचत होते, आणि १७६६ च्या माळव्यावर लिहिताना आपण काय वाचावं?

राजवाडा_चौक (इंदूर)
नमस्कार मंडळी. मल्हारराव होळकर गेल्यापासून राघोबादादा माळव्यातून परत फिरेपर्यंत, एवढ्या एका वर्षावर कादंबरी बेतली आहे. संदर्भांची यादी वाढतेच आहे, पहिलं प्रकरण मात्र कोरं. हरिभाऊ तर दर आठवड्याला छापायचे. त्यांच्या वाचनाचा क्रम आपल्याला लागू पडेल का? किती वाचून थांबायचं? मोडी येत नाही.

मांडवी_दरवाजा (बडोदे)
लागू पडणार नाही, आणि कारण साधं आहे: त्यांच्यापुढे होतं तेवढंच त्यांनी वाचलं. जन्म १८६४ चा. जुन्या बखरी छापणारं 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक १८७८ मध्ये निघू लागलं तेव्हा ते चौदा वर्षांचे. त्यामुळे बखरी छापील रूपात वाचत वाढलेली ही पहिली पिढी. जोडीला ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इंग्रजी इतिहासाचे १८२६ चे तीन खंड. राजवाड्यांनी छापलेल्या जुन्या पत्रांच्या, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या, पहिला खंड आला १८९८ मध्ये, आणि हरिभाऊंची 'उषःकाल' कादंबरी त्याआधीच 'करमणूक' साप्ताहिकातून येऊन गेली होती. म्हणजे पत्रांचा आधार जवळजवळ नाहीच. मजकूर बखरीचा, बांधणी इंग्रजी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची. 'म्हैसूरचा वाघ' तर सरळ मेडोज टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरून केलेली. वेषांतर, भुयारं, ऐन वेळी पटणारी ओळख ही सगळी सामग्री त्या वाचनातली आहे, मराठी कागदांतली नव्हे.

हप्त्याचंही लक्षात घ्या. 'करमणूक' १८९० पासून तेच चालवत, वर पुण्याच्या आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या संस्थेचा कारभार. छापून गेलेलं प्रकरण मागे घेता येत नाही आणि आठवडाभरात वाचक विसरतो, म्हणून निवेदक मधेच वाचकाला हाक मारतो, मागचा धागा सांगतो. एकसंध पुस्तकात ही लकब उचलली की पानं नुसती फुगतात. (अजूनही पुष्कळजण उचलतात.)

तुमच्यासाठी क्रम उलटा: आधी पत्रं, मग कैफियत (घराण्याची मागाहून लिहिलेली हकीकत) आणि बखर, कादंबऱ्या सगळ्यात शेवटी. रियासतकार सरदेसाई १८८९ पासून १९२५ पर्यंत इथे बडोद्यात सयाजीरावांच्या नोकरीत होते. 'पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद' हे पंचेचाळीस खंड त्यांनी निवृत्तीनंतर संपादले. पंचेचाळीसही वाचायचे नाहीत. माळवा, होळकर आणि रघुनाथराव यांच्यापुरते खंड काढा, शिवाय 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने'. सगळं देवनागरीत छापलेलं आहे, तेव्हा मोडीवाचून काही अडत नाही. एका पत्राची एक चिठ्ठी करा: कोणी कोणाला, कुठून, मिती, आणि बातमी डोळ्यांदेखतची की ऐकीव. शेवटचा रकाना सोडलात की घोळ होतो. पुण्यातल्या कारकुनाने ऐकलेली माळव्याची अफवा तुमच्या कादंबरीत घटना होऊन बसते.

कैफियत वाचायची ती शब्दांसाठी, वाक्याच्या चालीसाठी. घटनांसाठी तिच्यावर भिस्त नको, ती बरीच नंतरची. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमचंही तेच. अहिल्याबाई १७९५ मध्ये गेल्या, त्याचा मध्य भारतावरचा ग्रंथ १८२३ चा, आणि त्यात म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं पुष्कळ. राघोबादादांना अहिल्याबाईंनी धाडला असं सांगतात तो खरमरीत निरोप (बायकांशी लढून हरलात तर नाचक्की तुमचीच) घालायचा असेल तर समकालीन पत्रात त्याचा काय पुरावा मिळतो ते आधी पाहा. न मिळाल्यास लोकांच्या तोंडी घाला, थेट प्रसंग करू नका.

थांबायचं कधी? मित्यांचा तक्ता करा. लागोपाठ दहा पत्रांतून तक्त्यात नवी ओळ पडली नाही, की लिहायला बसा.

लष्करकर (ग्वाल्हेर)
वरचं सगळं मान्य. पण तक्ता चुकतो तो सालात. मराठी पत्रात वर्ष सुहूर सनाचं आणि महिना हिजरी असतो: 'छ' म्हणजे चंद्र, पुढे तारीख, मग जिल्हेज, मोहरम वगैरे. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे त्या काळी जूनच्या सुरुवातीला, बदलतं. इसवी सन काढायला सुहूर सनात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मल्हारराव गेले २० मे १७६६ ला, वैशाख शुद्ध ११, शके १६८८. ते सुहूर ११६६, पत्रात अरबी शब्दांत 'सीत सितैन मया व अलफ'. पंधरा-वीस दिवसांनी 'सबा सितैन', म्हणजे ११६७, लागलं. आता 'सबा सितैन'च्या दिवाळीतल्या पत्राला कोणी सरसकट ६०० मिळवले, तर ते १७६७ मध्ये जाऊन पडतं. तोवर मल्हाररावांचे नातू मालेराव वारलेले, आणि तुम्ही त्यांना गादीवर बसवून दिवाळी करवता!

इकडचे हिंदी कागद विक्रम संवताचे आणि पौर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपणारे. शुद्ध पक्षात महिना जुळतो, वद्य पक्षात एक महिना पुढे असतो: आपला वैशाख वद्य तो त्यांचा ज्येष्ठ वदी. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो, माळव्यात चैत्रात. म्हणून त्याच मे महिन्यात माळव्यात १८२३, बडोद्याकडे १८२२.

पूर्वकथेत वसईची मोहीम आणणार असाल तर आणखी एक खाच. इंग्रजांनी पंचांग सप्टेंबर १७५२ मध्ये बदललं, पोर्तुगीजांनी कधीच बदललं होतं. १७३९ च्या एकाच दिवसाला दोघांच्या कागदांत अकरा दिवसांचा फरक येतो.

राजवाडा_चौक
हे सोनं आहे. मालेरावांचा दरबार राजवाड्याच्या सातव्या मजल्याखाली, चौकाकडे तोंड करून रंगवला होता. चालेल?

लष्करकर
दरबार इंदुरात चालेल, पण सात मजल्यांच्या वाड्यात नाही. खाली दगडाचे तीन आणि वर लाकडाचे चार मजले हे आजचं रूप आहे. वाडा १८०१ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने जाळला, नंतर पुन्हा उभारला. १९८४ ची आग वेगळीच. आणि कोणाच्या तोंडी 'राजधानी इंदूर' घालू नका. बाईंनी कारभार महेश्वरी नेला, इंदूर राजधानी झालं ते होळकर-इंग्रजांच्या मंदसौरच्या तहानंतर, १८१८ मध्ये.

मांडवी_दरवाजा
मृत्यूचा प्रसंगही इंदुरात नको. मल्हारराव आलमपुरास गेले, छत्री तिथेच आहे. बातमी इंदुरास पोचायला किती दिवस लागले ते जासुदाच्या पत्रांवरूनच काढा. मधल्या दिवसांत इंदुरात ते जिवंतच आहेत. तुमचं पहिलं प्रकरण तिथून सुरू करता येईल.