पॉइंट्सची पैज

ट्विच या लाइव्ह गेम-स्ट्रीमिंग साइटवर, गेम खेळून दाखवणाऱ्या स्ट्रीमरचं पुढे काय होईल यावर प्रेक्षक 'चॅनल पॉइंट्स' लावून पैज घेतात. 'हा सरळसरळ जुगार' हे मत मला पटलं नाही. हे पॉइंट्स मुख्यतः स्ट्रीम बघून मिळतात, त्यांचे पैसे होत नाहीत. गणित मात्र रेसकोर्सवरच्या टोटचंच: सगळ्यांनी लावलेलं एकत्र जमतं आणि जिंकणाऱ्यांत त्यांनी लावलेल्या प्रमाणात वाटलं जातं. 'पहिल्या झटक्यात बॉस (गेममधला तगडा शत्रू) पडेल का?' यावर 'हो'कडे ८,००० आणि 'नाही'कडे २,००० जमले नि बॉसनेच स्ट्रीमरला लोळवलं, तर 'नाही'वरच्या १०० चे ५०० होतात; उलट झालं तर 'हो'वाल्याला जेमतेम १२५. (मी भक्तिभावाने 'हो'वरच लावतो, म्हणून कायम कंगाल.)

माझी कुरकुर वेगळीच आहे. निकाल स्ट्रीमर किंवा त्याचे मॉडरेटरच (चॅट सांभाळणारे) देतात. परवा 'बॉस आधी मेला की आपला गडी?' यावर चॅटमध्ये रणधुमाळी. कुणीतरी शेवटच्या क्षणांची क्लिप कापून टाकली, तेव्हा कुठे निकाल लागला.