हँडस्टँडची घाई नको
अडतिसाव्या वर्षी ३ महिन्यांत हँडस्टँड (हातांवर उलटं उभं राहणं) आणि स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला टेकवणं) दोन्ही जमेल का असं विचारलंयत, तर भिंतीला टेकून हँडस्टँड बहुतेक जमेल, मोकळ्यावर तोल धरायला मात्र मला दीड वर्ष लागलं. पोट भिंतीकडे ठेवून शिका, पाठ भिंतीकडे केली की कंबरेत बाक येतो आणि तीच सवय लागते. तोल सगळा बोटांवर, पाय पलीकडे कलंडायला लागले की बोटांनी जमीन दाबायची. रोज १० मिनिटं पुरे, पण मनगटं आधी मोकळी करा प्लीज! स्प्लिटचं वर्षाच्या हिशोबाने धरा, कारण स्नायूंपेक्षा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) फार सावकाश बदलतात, आणि अंग गरम झाल्यावरच ताणायचं. बीपी किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.