ग्लिसरीन लावा, पण ओल्या हाताला

हिवाळ्यात हात कोरडे पडले, भेगा पडल्या की नुसतं ग्लिसरीन लावा, बाकी काही लागत नाही, असं सांगतात ते मला अर्धंच पटतं. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं हे खरं, पण आपल्या नागपुरात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असली की हवेतून घ्यायला फारसं काही नसतं, मग ते कातडीतलंच पाणी वर खेचतं आणि हात अजून ताणतात. म्हणून भांडी झाली की हात नुसते टिपायचे, ओलसर असतानाच पाण्यात मिसळलेलं ग्लिसरीन लावायचं आणि वरून व्हॅसलिनचा पातळ थर, तो ओलावा उडू देत नाही. माझ्या सासूबाईंच्या बोटांच्या पेरांना भेगा पडून कणीक मळताना मीठ झोंबायचं, रात्री हे लावून जुने सुती मोजे हातात घालून झोपायला लागल्या तेव्हा कुठे भेगा भरल्या.

ओठांना मात्र साधं तूप किंवा व्हॅसलिनच बरं, मेंथॉल-कापरावाले गार लागणारे लिपबाम फाटलेल्या ओठांवर चुरचुरतात आणि मग माणूस सारखा जीभ फिरवतो, थुंकी वाळली की ओठ आणखीच कोरडे. आणि भेगा फक्त ओठांच्या कोपऱ्यात असतील, बऱ्या होतच नसतील तर बाम बदलत बसू नका, ते बुरशीमुळे किंवा लोह, बी जीवनसत्त्व कमी पडल्यानेही होतं, डॉक्टरांना दाखवाच.