मदत हवी आहे: वेल्समध्ये सी ट्राउटसाठी रॉड, लाइन आणि नकली माश्या कोणत्या घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा. चाळीस वर्षं गळ टाकतोय, पण सगळं नर्मदेवर, बडवाह ते मंडलेश्वर. साधा रॉड, तंगूस, कणकेचा गोळा आणि धीर, एवढंच सामान.

जुलैत लेकीकडे वेल्सला जातोय. जावईबापूंनी हौसेनं टॉवी नदीवरचं आठवड्याचं तिकीट काढून ठेवलंय. ते स्वतः मासा खातसुद्धा नाहीत, त्यामुळे सल्ला शून्य. तिथला मासा सी ट्राउट, वेल्समध्ये त्याला स्यूइन म्हणतात. जात ब्राउन ट्राउटचीच, इंग्रजांनी काश्मिरात आणून सोडला तोच. फक्त हा समुद्रात जाऊन धष्टपुष्ट होतो आणि अंडी घालायला नदीत परततो. दिवसा फार बुजरा, म्हणून रात्री धरायचा. जागरणाची आम्हा इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री खात बसणाऱ्यांना भीती नाही, अडलंय ते सामानावर.

एकच रॉड परवडेल. दहा फुटी ठरलाय, पण लाइन 7 नंबरची की 8 (नंबर वाढला की लाइन जड)? तरंगती पुरेल की बुडतीही लागेल? गळावर पिसं बांधून केलेल्या या माश्यांची नावं वाचून तर डोकं फिरलं: टील ब्लू अँड सिल्व्हर, सिल्व्हर बुचर, सनरे शॅडो, एकीचं नाव चक्क मेडिसिन! शिवाय बऱ्याच जणी काळ्या. मिट्ट अंधारात काळी माशी माशाला दिसणार कशी? आणि नदीत शिरल्यावर हा मासा जवळजवळ खातच नाही म्हणतात. मग पिसांना तोंड का लावतो?

प्रतिसाद १
काका, 7 च घ्या. 8 नं रात्रभर फेकून खांदा धरेल. मासा खालून वर बघतो. आभाळ कितीही काळं असलं तरी पाण्यापेक्षा उजळच, त्यावर काळी आकृती ठळक उठते. आणि भूक नसली तरी समोरून सरकणाऱ्या वस्तूवर झडप घालायची सवय जात नाही, असं तिकडचे जुने लोक सांगतात.

सुरुवातीला तरंगती लाइन, 10 पौंडी तंगूस आणि एकच माशी. दोन बांधल्यात तर अंधारात गुंता सोडवण्यातच पहाट होईल. टील ब्लू अँड सिल्व्हर 6 आणि 8 नंबरच्या गळावर घ्या, काळी एखादी ठेवा, बाकी राहू द्या. मध्यरात्रीनंतर मासे खाली बसतात, तेव्हा बुडत्या लाइनवर मोठी माशी हळू ओढायची. डोह दिवसाउजेडी पायाखालून घाला. घाईनं अंधार पडायच्या आत सुरुवात करू नका, मासे बिचकले की ती रात्र गेली. पाण्यावर बॅटरी तर मुळीच मारू नका.

क्लबच्या तिकिटाखेरीज सरकारी रॉड लायसन्सही लागतं, तेही सॅमन आणि सी ट्राउटचं. साध्या ट्राउटचं चालत नाही. आठ दिवसांचं मिळतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)
लायसन्सचं जावईबापूंना माहीतच नव्हतं, आजच कळवलं. ओळखीच्याकडून जुना फ्लाय रॉड आणून गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला आणि कॉलनीच्या बगीच्यात सराव सुरू केलाय. आमच्याकडे वजन गळाला नाहीतर शिशाला, इथे लाइनलाच, हे हाताला पटायला दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींची वाळत घातलेली साडी लागली, चांगली चार किलोची असेल.

आता एवढंच सांगा: बुडती म्हणजे अख्खी हळू बुडणारी घेऊ, की फक्त टोक बुडणारी?